सत्तरीतल्या एका गोठ्यात गेलेले सहा गाभ

सत्तरी तालुक्यात, केरीहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला हा गोठा आहे. होल्स्टीन आणि जर्सी संकराच्या अकरा गायी, तीन कालवडी, शिवाय आजोबांच्या काळापासून घरात चालत आलेल्या गोव्याच्या पांढऱ्या गावठी जातीच्या दोन गायी. या पांढऱ्या जातीला २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 'श्वेतकपिला' म्हणून मान्यता दिली. दूध गावच्या सोसायटीत जाते. घरचे पाचही जण गोठ्यात राबतात, पण जनावरांची खरी ओळख घरातल्या काकींना. त्यामुळे या प्रकरणातली निम्मी माहिती त्यांच्याकडूनच आली आहे.

सप्टेंबरमध्ये सात महिन्यांची गाभण असलेल्या एका कालवडीने गाभ टाकला, तेव्हा मला बोलावणे आले. वर्षभरात असे बरेच झाले होते. मालकांनी एका दमात सांगितले, "डॉक्टर, काय लागलंय कळत नाही. उन्हाळ्यात गायी उलटल्या, पावसात एक गाभडली, मग एकीचा गाभ पोटातच जिरला, आता या महिन्यात दोन. एकच काहीतरी असणार." ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून झाले होते. कृत्रिम रेतन करणाऱ्याला दोष देऊन झाला होता. पेंडही बदलून पाहिली होती.

एकच काहीतरी असणार, ही समजूत आधी दूर करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. गाभ जाणे ही एकच गोष्ट दिसते. पण तो कितव्या दिवशी गेला, यावरून कारणांची यादी पार बदलते. म्हणून रक्त काढण्याआधी आम्ही तारखा मांडायला बसलो.

काकींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माजाच्या, विण्याच्या आणि रेतनाच्या खुणा केल्या होत्या. रेतनाच्या पावत्या डब्यात होत्या. सोसायटीच्या दूध पुस्तकात रोजचे लिटर होते, त्यामुळे कोणत्या आठवड्यात दूध एकदम घसरले तेही कळत होते. तिन्ही कागद समोरासमोर ठेवल्यावर सहा गाभ तीन गटांत पडले.

पहिला गट उन्हाळ्याचा. एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात चार गायींना रेतन केले होते आणि चारही उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या. दोन सुमारे २१ दिवसांनी, एक ३४ व्या आणि एक ३७ व्या दिवशी. घरच्यांच्या लेखी चारही सारख्याच, 'राहिल्या नाहीत'. पण २१ दिवसांनी उलटलेली गाय आणि ३५ दिवसांच्या आसपास उलटलेली गाय यांत मोठा फरक आहे. रेतनानंतर १५-१६ दिवसांच्या सुमारास भ्रूण आपले अस्तित्व गर्भाशयाला कळवते. त्याच्यापासून निघणाऱ्या एका प्रथिनामुळे अंडाशयावरचा पीतपिंड टिकतो, गाभ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू राहते आणि माज येत नाही. हा निरोप पोचलाच नाही तर गाय वेळेवर २१ दिवसांनी माजावर येते. तिथे बीज फळलेच नव्हते की फळून आठवड्याभरात मेले, हे गोठ्यात उभे राहून सांगता येत नाही. ३४-३७ दिवसांनी माज आला, तर मात्र निरोप पोचला होता आणि भ्रूण त्यानंतर गेले असे बहुधा समजावे. मधला एक माज चुकला म्हणावे तर ४२ दिवसांचा हिशेब लागायला हवा होता, तो लागत नव्हता. म्हणून या दोघी मी गेलेल्या गाभांत धरल्या, उरलेल्या दोघींना धरले नाही.

निरोगी गायीत रेतनानंतर बीज फळण्याचे प्रमाण चांगले असते. विण्यापर्यंत पोचणाऱ्या गाभांची संख्या त्याहून खूपच कमी भरते आणि मधली बहुतेक गळती पहिल्या काही आठवड्यांतली असते. ती कोणाला दिसत नाही, गोठ्यात काहीच पडत नाही. शेतकरी म्हणतो 'उलटली' आणि रेतन करणाऱ्यावर राग काढतो. सातव्या महिन्यात पडलेला गर्भ डोळ्यांसमोर असतो, म्हणून घर हादरते. संख्येने मात्र न दिसणारे नुकसानच जास्त असते आणि त्याकडे कोणी बघत नाही, ही माझी नेहमीची तक्रार आहे.

या दोन गायींचे काय झाले? गोव्यात उन्हाळ्याचा पारा विदर्भासारखा चढत नाही, म्हणून इथे जनावरांना उष्म्याचा त्रास नाही असे लोक धरून चालतात. तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणाऱ्या निर्देशांकाने बघितले की चित्र पालटते. ३३ अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर तो ८६ च्या आसपास जातो. दुधाळ गायीला ७२ पासूनच त्रास सुरू होतो, जास्त दूध देणारीला त्याआधीच. रात्री २६ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असली तरी तो ७७ राहतो. म्हणजे दिवसाची उष्णता रात्री शरीराबाहेर टाकायला गायीला फुरसतच मिळत नाही. या गोठ्यावर सिमेंटचे ठेंगणे पत्रे होते आणि दोन बाजू भिंतींनी बंद. दुपारी तीनला गायींचे श्वास मोजले तर मिनिटाला ऐंशीच्या पुढे होते.

फळलेले बीज पहिल्या दोन-तीन दिवसांत उष्णतेला सर्वांत नाजूक असते. पुढे त्याची सहनशक्ती वाढते. म्हणून निव्वळ उष्म्याने गेलेले भ्रूण बहुधा लवकर जाते आणि गाय २१ दिवसांनीच उलटते. ३४ आणि ३७ दिवसांच्या नोंदींचे सारे खापर उन्हावर फोडता येत नव्हते. काकींना विचारले तेव्हा उलगडा झाला. दोन्ही गायी फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यालेल्या. एकीची वार, म्हणजे विल्यावर पडणारे गर्भाचे आवरण, अडकली होती, पुढे दोन-तीन आठवडे घाण स्राव येत होता आणि मग तो 'आपोआप थांबला'. दुसरी विल्यावर झपाट्याने वाळली होती, बरगड्या दिसत होत्या, दूध मात्र भरपूर. स्राव थांबला म्हणजे गर्भाशय बरे झाले असे नाही. आतल्या अस्तराची सूज महिना-दोन महिने मागे राहते आणि त्या अस्तरावर रुजलेला गाभ कमकुवत असतो. वाळलेल्या गायीत प्रोजेस्टेरॉन कमी पडते, भ्रूण हळू वाढते. त्यात उष्म्याने आधीच दुबळे झालेले अंडे. असे दोन-तीन धागे एकत्र आले आणि गाभ तुटला. यातला एकही धागा रेतनाच्या दिवशी सुरू झाला नव्हता. सुरुवात विण्याच्या वेळीच झाली होती.

दुसरा गट एकाच गायीचा, ऑगस्टमधला. जूनच्या अखेरीस रेतन, ३३ व्या दिवशी फिरत्या सोनोग्राफी यंत्रावर गाभ दिसला, हृदयाचे ठोकेही दिसले. साठाव्या दिवशी हात घालून तपासले तर गर्भाशय रिकामे. गाभडल्याची कसलीही खूण नाही. दूध पुस्तकात बघितले तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या गायीचे दूध तीन दिवसांत निम्म्याने घटले होते. काकी म्हणाल्या, "तेव्हा तिला दगडी झाली होती. मागचा डावा सड. पाण्यासारखं दूध आणि अंगात सणकून ताप."

दगडी, म्हणजे कासदाह, आणि गाभ यांचा संबंध बहुतेक घरांत जोडलाच जात नाही. कास एकीकडे आणि गर्भाशय दुसरीकडे असे आपण मानतो. पण कासेत जंतू वाढले, विशेषतः शेणातून येणारे, की त्यांचे विष रक्तात उतरते. शरीर त्याला प्रोस्टाग्लॅंडिन सोडून उत्तर देते. हेच रसायन पीतपिंड विरघळवते. पीतपिंड गेला की प्रोजेस्टेरॉन गेले आणि प्रोजेस्टेरॉन गेले की दीड महिन्याचा गाभ टिकत नाही. वर ताप असतो तो वेगळाच. रेतनानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात कासदाह झालेल्या गायींत गाभ जाण्याचे प्रमाण वाढते, हे जगभर दिसून आले आहे. लक्षणे न दिसणारा कासदाहही त्यात येतो.

इथे पावसाळ्यात गोठ्याची जमीन सुकतच नव्हती. गायी धार काढल्याबरोबर ओल्यात बसत. सडाचे भोक धारेनंतर अर्धा-पाऊण तास उघडे असते, तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे. तेव्हा धार झाल्यावरच गव्हाणीत चारा टाकायचा आणि सड आयोडीनच्या द्रावात बुडवायचे, इतके ठरवले. खर्च नगण्य आणि काकींनी ते दुसऱ्याच दिवशी सुरू केले.

तिसरा गट सर्वांत जड. मार्चमध्ये मालकांनी घाटावरच्या बाजारातून चार-चार महिन्यांच्या गाभण अशा दोन गायी आणल्या होत्या. त्यांतली एक जूनमध्ये, पहिल्या पावसात, सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली. काकींनी उघड्या हाताने ती ओढून काढली आणि शेणखताच्या ढिगावर टाकली. रात्री कुत्र्यांनी ती ओढत सगळ्या परड्यात फिरवली. दुसरी विकत आणलेली गाय ऑगस्टमध्ये नीट व्याली, वासरू जिवंत, फक्त वार उशिरा पडली. मग सप्टेंबरमध्ये घरचीच एक गाय सहाव्या महिन्यात गाभडली आणि दहा-बारा दिवसांनी ती कालवड.

बाहेरून आणलेले जनावर, शेवटच्या टप्प्यातले गर्भपात, अडकणारी वार आणि अडीच-तीन महिन्यांच्या अंतराने घरच्या जनावरांत तेच. ही मांडणी दिसली की सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, मनात पहिला येतो. कालवडीची वार आणि गर्भ मी स्वतः पाहिला. वारेवरच्या गाठी पिवळट-करड्या, मधला पडदा चामड्यासारखा जाड, वर चिकट घाण स्राव. पण नुसत्या दिसण्यावर निदान ठरवू नये. बुरशीच्या गर्भपातातही वार अशीच चामट होते आणि या घरी शेंगदाणा पेंडीच्या पोत्यांना तळाशी हिरवट बुरशी होती. गर्भाच्या पोटातला द्रव आणि वारेचा तुकडा बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवला, सर्व जनावरांचे रक्त काढले, सोसायटीत जाणाऱ्या दुधाचीही ब्रुसेलासाठीची रिंग चाचणी केली.

कॅनमधल्या दुधाची चाचणी होकारार्थी आली. गर्भाच्या पोटातल्या द्रवाच्या काचपट्टीवर ब्रुसेलासारखे जंतू दिसले. 'रोज बंगाल' नावाच्या रक्तचाचणीत आणि नंतर एलायझा चाचणीत चार जनावरे सापडली: विकत आणलेल्या दोन्ही गायी, गाभडलेली घरची गाय आणि कालवड. कालवडीचे पहिले रक्त संशयास्पद होते, तीन आठवड्यांनी घेतलेले स्पष्ट होकारार्थी आले. गाभडण्याच्या सुमारास चाचणी कधी कधी नकारार्थी येते, म्हणून एका रक्तावर विसंबू नये. दोन्ही श्वेतकपिला निर्धोक निघाल्या. त्या दिवसभर रानात चरतात आणि रात्री वेगळ्या पडवीत बांधल्या जातात. त्यांच्या जातीत काही खास प्रतिकारशक्ती आहे असा अर्थ मी यातून काढणार नाही. संसर्गाशी त्यांची गाठच पडली नसावी.

लेप्टोस्पायरोसिसही डोक्यात होता. उंदीर, भातशेतीतले पाणी आणि पावसाळा यांच्या संगतीने तो गोव्यात माणसांनाही होतो. दोन वेळच्या रक्तात त्याचे ताजे वाढते प्रमाण दिसले नाही. कुत्र्यांमार्फत येणारा निओस्पोरा हा परजीवी आणि आयबीआर हा विषाणूजन्य आजार यांच्या चाचण्या झाल्या नाहीत. पण ब्रुसेलाचा पुरावा इतका ठळक असताना पुढचे पाऊल त्यांच्यासाठी थांबवण्यात अर्थ नव्हता. गोचीड तापही तपासला. काचपट्ट्या स्वच्छ होत्या.

आता इथे पावसाचा वाटा समजून घ्यायला हवा. ब्रुसेलाचा जंतू उन्हात टिकत नाही. ओल्या, थंड, सावलीच्या जागी मात्र तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. जूनमध्ये शेणाच्या ढिगावर पडलेली वार म्हणजे त्याला आयते माहेर मिळाले. तेव्हा तीन-चार महिन्यांच्या गाभण असलेल्या घरच्या दोघी त्याच परड्यात बांधल्या जात होत्या. गाय वारेला, स्रावाला हुंगते, चाटते. तेवढे पुरते.

निकाल हातात पडला तेव्हा जनावरांच्या आधी मी काकींकडे वळलो. जुलैपासून त्यांना संध्याकाळी कणकण येत होती, रात्री घाम, कंबर आणि गुडघे धरलेले. पावसाची कणकण म्हणून त्या अंगावर काढत होत्या. हा आजार माणसाला होतो, वारेच्या आणि स्रावाच्या स्पर्शातून होतो, कच्च्या दुधातूनही होतो. "इस्पितळात जा आणि गोठ्यात ब्रुसेला निघाला आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा," असे मी त्यांना निक्षून सांगितले. न सांगितल्यास साधा ताप समजून चार दिवसांची गोळी मिळते आणि दुखणे आत मुरते. त्यांची रक्ततपासणी होकारार्थी आली. उपचार सहा आठवड्यांचे होते, दोन औषधे एकत्र. मध्येच बरे वाटू लागल्यावर औषध सोडायचे त्यांच्या मनात होते, पण सुनेने सोडू दिले नाही. सून स्वतः त्यावेळी चौथ्या महिन्यात होती. तिला गोठ्यातून पूर्णपणे बाहेर ठेवले. घरात दूध उकळल्याशिवाय थेंबही वापरायचा नाही, हा नियम झाला.

यानंतरचा प्रश्न मालकांनी विचारला तो प्रत्येक शेतकरी विचारतो. "एकदा गाभडली तरी पुढच्या वेताला नीट विते म्हणतात. मग बरी झाली ना ती?" पुढच्या वेताला बहुतेक गायी नीट वितात हे खरे आहे आणि नेमके त्यामुळेच हा आजार गावागावांत फिरतो. गाय बरी होत नाही. ती जिवंत वासरू देते आणि त्याच वेळी वारेतून, स्रावातून, दुधातून जंतू सोडत राहते. औषध देऊन गायीतून तो काढता येत नाही, तशा उपचाराची शिफारसही नाही. कित्येक देशांत बाधित जनावर कळपातून काढून टाकतात. गोव्यात १९७८ पासून गोहत्याबंदीचा कायदा आहे, तो मार्ग इथे सोपा नाही.

मग दुसरा विचार पुढे आला: बाजारात विकून टाकू. मी नाही म्हटले आणि कारणही सांगितले. ज्या बाजारातून या दोन गायी आल्या, त्याच बाजारातून त्या दुसऱ्या कोणाच्या गोठ्यात जातील, दुसऱ्या कोणाच्या घरातली काकी उघड्या हाताने वार ओढेल. शिवाय जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखाली रोग कळवणे आणि जनावर वेगळे ठेवणे ही मालकाची जबाबदारी ठरते. मालक बराच वेळ गप्प राहिले. दोन गायींसाठी कर्ज काढलेले होते, हप्ते सुरू होते. शेवटी म्हणाले, "ठेवू. पण मग कशा ठेवायच्या ते पूर्ण सांगा." या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून फार आदर आहे.

परड्याच्या खालच्या बाजूला, उतारावर, चौघींसाठी वेगळी खोप उभी केली. वरच्या बाजूला केली असती तर पावसाचे पाणी तिथून मुख्य गोठ्यात आले असते. त्यांची धार शेवटी, त्यांचे भांडे वेगळे, त्यांच्याकडे जाणारे गमबूट वेगळे. विण्यासाठी त्याच खोपीत आडोसा. वार आणि मेलेला गर्भ खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचा. हे सांगायला सोपे, पण सत्तरीत जांभा दगड लागतो आणि पावसात खड्ड्यात पाणी भरते. म्हणून विहिरीपासून दूर, उंचवट्यावर, मे महिन्यातच यंत्राने दोन खड्डे खणून त्यांवर झाकण घातले. हातमोजे काकींच्या हाताशी, खोपीच्या दारावर टांगलेले. कुत्री आत येऊ नयेत म्हणून जाळी.

चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलावरची एस-१९ लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. घरच्या दोन लहान कालवडींना ती दिली, कानात बारा अंकी बिल्ला लावून नोंद केली. ही जिवंत लस आहे, गाभण जनावराला देत नाहीत आणि टोचणाऱ्याच्या अंगावर उडाली तर त्यालाही धोका असतो. नर वासरांना तर ती देऊच नये.

खरेदीचा नियमही बदलला. रक्त तपासल्याशिवाय जनावर आणायचे नाही, आणल्यावर महिनाभर वेगळे बांधून पुन्हा तपासायचे. इथे एक फट राहतेच. बाधित आईच्या पोटी आलेली कालवड पहिल्या विण्यापर्यंत चाचणीत निर्धोक दिसू शकते. म्हणून बाजारातली गाभण कालवड घेऊच नका, असा माझा सल्ला असतो. गाभण म्हणून जास्त भाव देऊन माणूस पुष्कळदा पोटातला रोगच विकत घेतो.

उन्हाळ्यासाठी पत्र्यांवर भाताचा पेंढा अंथरला, एक भिंत पाडली, दोन मोठे पंखे लावले. धुक्यासारखे पाणी उडवणारे फवारे लावायचा मालकांचा विचार होता. कोरड्या मुलखात ते चालतात, पण आपल्या दमट हवेत ते हवा आणखी जड करतात. त्याऐवजी अंग कातडीपर्यंत भिजेल असे पाणी ओतायचे आणि मग पंखा. मे महिन्यात नव्याने व्यालेल्या गायींना रेतन पुढे ढकलले. विल्यानंतर वार अडकलेल्या प्रत्येक गायीचे गर्भाशय रेतनाआधी तपासायचे ठरले. नुसत्या पेंढ्यावर पोसलेल्या जनावराला कॅल्शियम आणि फॉस्फरस कमी पडते. इथल्या जांभ्या, आम्ल जमिनीतच त्यांची वानवा, त्यात पेंढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केले. बुरशी लागलेली पोती फेकली, नवी पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवली.

वर्षभरानंतरची स्थिती अशी. मुख्य गोठ्यातल्या जनावरांच्या दोन फेऱ्या रक्ततपासणी निर्धोक आल्या, तिसरी विण्याच्या हंगामानंतर होईल. ऑगस्टमध्ये गाभ गेलेली गाय पुन्हा गाभण राहिली आणि व्याली. उन्हाळ्यातल्या दोघींपैकी एक राहिली. दुसरी, वार अडकलेली, अजून उलटते आहे आणि तिच्या गर्भाशयाला कायमची इजा झाली असावी असा माझा अंदाज आहे. खोपीतली घरची गाय पूर्ण दिवसांनी व्याली, वासरू दुबळे होते, दोन दिवसांत गेले. वार काकींनी हातमोजे घालून उचलली आणि खड्ड्यात चुन्याखाली पुरली. कालवड आता आठव्या महिन्यात आहे.